गाडी जुनी, हप्ता नवा

कोथरूडमधल्या एका सोसायटीत दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, छत्र्या माळ्यावरून उतरतात त्याच सुमारास, एक निळी फाइल कपाटातून निघते. फाइलवर काकांच्या बँकेत घडलेल्या अक्षरात 'वाहने' असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात, 'विचारल्याशिवाय हात लावू नये'. आत तीन वाहनांचे कागद: काकांची ११९७ सीसीची नऊ वर्षं जुनी गाडी, काकूंची ११० सीसीची स्कूटर आणि चिरंजीवांची बुलेट. तिन्ही काकांच्या नावावर. असे एक काका प्रत्येकाच्या ओळखीत असतातच, तेव्हा नाव सांगायची गरज नाही.

गाडीचा इन्शुरन्स १७ जूनला संपतो. ही बातमी काकांना मे महिन्यापासूनच मिळायला लागते. पूजेला बसले की एक फोन, दुपारी डोळा लागला की दुसरा. पलीकडची मुलगी हिंदीतून गाडीचा नंबर, मॉडेल आणि विमा संपायची तारीख धडाधड सांगते. चिरंजीवांना वडिलांच्या गाडीचा नंबर अजून पाठ नाही, हे काकांना अशा वेळी फार लागतं.

यंदा आकडा आला तो मागच्या वर्षीपेक्षा बाराशे रुपयांनी जास्त.

"गाडी एका वर्षानं जुनी झाली," काका म्हणाले, "किंमत कमी झाली. वर्षभरात एक ओरखडा नाही, एक क्लेम नाही. मग बाराशे वाढले कशाबद्दल?"

"म्हातारपणी औषधपाण्याचा खर्च वाढतोच," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा चढवला आणि फोन लावला तो थेट एजंटला. पुढची वीस मिनिटं त्यांनी थर्ड पार्टीच्या रकमेवर घासाघीस केली. मंडईत आंब्याच्या पेटीमागे शंभर रुपये सोडवून आणणारा हा माणूस, पण यावेळी एक रुपयाही सुटला नाही. सुटणारही नव्हता. अख्ख्या पॉलिसीत भाव करता येत नाही अशी तीच तर एक ओळ आहे, आणि लोक नेमके तिथेच भाव करतात. जिथे करता येतो तिथे 'आय अ‍ॅग्री'वर बोट ठेवून मोकळे होतात.

त्यासाठी हे पार्ट्यांचं राजकारण आधी समजून घ्यायला हवं. पहिली पार्टी म्हणजे गाडीचा मालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी म्हणजे ज्याला आपली गाडी लागली तो. महाराष्ट्रात कोण कोणत्या पार्टीत आहे हे रोज सकाळी पेपर उघडून बघावं लागतं. विम्यात तेवढी तरी स्थिरता आहे. तिसऱ्या पार्टीच्या नुकसानीचा विमा आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे आणि आज ती सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. पूर्वी हे काम विमा नियामकाकडे होतं. २०२२ पासून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय नियामकाशी सल्लामसलत करून दर जाहीर करतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. यावर जीएसटी वेगळा. कुठल्याही कंपनीकडे जा, कितीही गोड बोला, हा आकडा तोच. एसटीच्या कंडक्टरशी तिकिटाचा भाव करण्यातला प्रकार.

या दरपत्रकात माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो सीसी. वॅगनआर ही एकच गाडी दोन इंजिनांत मिळते, ९९८ सीसी आणि ११९७ सीसी. बाहेरून दोन्ही सारख्याच उंच, सारख्याच चौकोनी. शेजारच्याला फरक कळत नाही, थर्ड पार्टीच्या हप्त्याला मात्र बरोबर कळतो: १,३२२ रुपयांचा. दुचाकीतही तेच. ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, १५० पर्यंत ७१४, ३५० पर्यंत १,३६६ आणि साडेतीनशेची वेस ओलांडली की एकदम २,८०४. चिरंजीवांची बुलेट ३४९ सीसीची, म्हणजे वेशीच्या अलीकडे अगदी पाय टेकून उभी. आता त्यांना हिमालयात जायचं असल्यामुळे ४५० सीसीची हवी आहे. दुप्पट हप्त्याचं गणित काकांनी त्यांना जेवताना समजावून सांगितलं. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून त्याच साडेतीनशेच्या रेषेच्या अलीकडे गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि पलीकडे ४० टक्के. चिरंजीव म्हणाले की हिमालय पैशांत मोजायचा नसतो. बँकेतून निवृत्त झालेल्या बापाला हे वाक्य समजणं कठीण आहे.

त्याच सप्टेंबरात व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा जीएसटी शून्यावर आला. काकांनी मोठ्या आशेनं गाडीच्या पॉलिसीकडे पाहिलं. तिथे १८ टक्के जसेच्या तसे होते.

तर थर्ड पार्टी २०२२ पासून जागची हललेली नाही. ३,४१६ मागच्या वर्षीही होते, यंदाही आहेत. मग बाराशे वाढले कुठे? पॉलिसीच्या दुसऱ्या अर्ध्यात, ज्याला कागदावर 'ओन डॅमेज' म्हणतात आणि बोलताना लोक 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल्ल इन्शुरन्स' म्हणतात. हा आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून मोकळे झाले. त्याआधी सगळ्या देशाला एकच दरपत्रक होतं आणि कंपन्या आजही बऱ्याच अंशी त्याच मुशीतून आकडे काढतात, फक्त वर सूट किती द्यायची हे ज्याचं तो ठरवतो. मागच्या वर्षी गिऱ्हाईक हवं होतं म्हणून सूट सढळ होती. यंदा गिऱ्हाईक घरचंच झालं. नव्या जावयाला पहिल्या दिवाळसणाला जे ताट मिळतं ते पाचव्या दिवाळीला मिळत नाही, एवढाच याचा अर्थ.

त्या जुन्या दरपत्रकातली एक गोष्ट पुणेकरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. त्यात देशाचे दोन भाग पाडले होते. 'अ' विभागात आठ शहरं: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. उरलेला सगळा भारत 'ब' विभागात. म्हणजे नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सातारा सगळे 'ब'. दिल्ली-मुंबईच्या मांडीला मांडी लावून पुण्याला बसवणारा याहून अधिकृत कागद सापडणं अवघड आहे, पण त्याची किंमत होती. १००० ते १५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला 'अ' विभागात गाडीच्या ठरवलेल्या किमतीच्या ३.२८३ टक्के, 'ब' विभागात ३.१९१ टक्के. पाच लाखांच्या गाडीला हिशेब केला तर फरक ४६० रुपयांचा. पुणेकर असण्याचं वार्षिक भाडं. कोणताही पुणेकर ते आनंदानं भरेल आणि वर साताऱ्याच्या पाहुण्याला सांगेलही.

आणि ही 'ठरवलेली किंमत', म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी उतरते. शोरूमच्या दारातून गाडी बाहेर पडली की पाच टक्के गेले, दुसरं वर्ष संपेपर्यंत वीस, पाचवं संपेपर्यंत पन्नास. पुढे मालक आणि कंपनी मिळून ठरवतात. इथे लोभी माणूस हप्ता कमी यावा म्हणून आयडीव्ही खाली ओढतो आणि गाडी चोरीला गेली की त्याच खाली ओढलेल्या आकड्याचा चेक हातात घेऊन कपाळाला हात लावतो.

नो क्लेम बोनस हा या सगळ्यातला खरा मानकरी. क्लेम न करता पहिलं वर्ष काढलं की वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास. पन्नासच्या वर तो जात नाही. काका तिथे पोहोचून तीन वर्षं झाली, त्यामुळे यंदाच्या निष्कलंक वर्तनाचं नवं बक्षीस काही नव्हतं. दहावीत पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलाला पुन्हा दहावीला बसवावं तसं.

हा बोनस किती जपावा याचं उदाहरण त्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर आहे. तिथल्या गृहस्थांची गाडी पार्किंगच्या खांबाला घासली. बंपरचं बिल सहा हजार. "विमा काय लोणच्यासाठी भरलाय?" म्हणून त्यांनी क्लेम टाकला. सर्व्हेयर आला, फोटो काढून गेला. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांच्या सुट्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. आजच्या गाडीचा बंपर म्हणजे प्लॅस्टिकच. लोखंडाची म्हणून घेतलेली गाडी क्लेमच्या वेळी प्लॅस्टिकची निघते ती अशी. सहाचे तीन हजार झाले. त्यातून प्रत्येक क्लेमला मालकानं सोसायचा सक्तीचा वाटा, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार, तो गेला. हातात आले दोन हजार.

आता गेलं काय ते पाहू. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता आठ हजार आहे. पन्नास टक्के बोनसवाला चार हजार भरत होता. क्लेमनंतर बोनस शून्य, म्हणजे पुढच्या वर्षी पूर्ण आठ. मग पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस करत पन्नासवर यायला पाच वर्षं. मूळ हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तर या चढणीत पन्नास, तीस, पंचवीस, पंधरा आणि पाच टक्के मिळून सव्वाशे टक्के जातात. दहा हजार रुपये, जीएसटी वेगळा. दोन हजारांसाठी दहा हजार. काकांनी हा हिशेब त्यांना एका पाकिटाच्या मागच्या बाजूला मांडून दिला. तेव्हापासून ते गृहस्थ लिफ्टऐवजी जिन्यानं जातात.

स्वतः काकाही धुतल्या तांदळासारखे नाहीत. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. आधीची गाडी विकताना त्यांनी नव्या मालकाला पेढे दिले, नारळ दिला, मागच्या काचेवरचा गणपतीसुद्धा राहू दिला. कंपनीकडून बोनसचं पत्र घ्यायचं तेवढं राहिलं. ते पत्र घेतलं असतं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तोच बोनस लावता आला असता. हा विषय घरात काढायचा नाही असा नियम आहे.

स्कूटरची कथा वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांची आणि नवी चारचाकी घेताना तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम भरावी लागते. शोरूममध्ये ही रक्कम 'ऑन रोड' किमतीच्या पोटात शिरते आणि नव्या गाडीच्या वासात कुणाच्या लक्षात येत नाही. २०२२ च्या दरानं १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये होतात. आता ७१४ ला पाचानं गुणून बघा: ३,५७०. घाऊक घेतलं की माल महाग पडतो असा हा जगातला विरळा बाजार. मधे दर वाढले तरी आपल्याला वाढवून मागत नाहीत, हा त्याचा मोबदला. २०२२ नंतर दर हललेच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

काकूंची स्कूटर २०१९ ची. पाच वर्षांचं कवच २०२४ मध्ये संपलं आणि घरात कुणाला पत्ता नाही. पाच वर्षांत जी आठवण कधी लागली नाही ती सहाव्या वर्षी येणार कुठून? नळ स्टॉपच्या सिग्नलला मामांनी मशीनवर नंबर टाकला आणि काकूंना सांगितलं, "मावशी, इन्शुरन्स संपलाय." पहिल्या गुन्ह्याला दंड दोन हजार रुपये. दुसऱ्यांदा सापडलं तर चार हजार, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंतची कैदही आहे. स्कूटरची वर्षाची थर्ड पार्टी जीएसटीसकट ८४२ रुपये ५२ पैसे. एका दंडात दोन वर्षांचा विमा निघून वर तीनशे रुपये उरले असते, हे काकांनी त्या संध्याकाळी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण फाइलवर 'हात लावू नये' कोणी लिहिलं होतं याची काकूंनी आठवण करून दिली.

यात हसण्यासारखं नाही ते असं. देशातल्या रस्त्यांवरच्या निम्म्याहून अधिक वाहनांचा विमा चालू नसतो आणि त्यात मोठा भरणा दुचाकींचा आहे. अपघातात कुणाचा जीव गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचं वय आणि कमाई पाहून भरपाई ठरवतं, ती सहज लाखांत जाते. विमा असेल तर मृत्यू आणि जखमेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, कंपनी भरते. नसेल तर स्कूटरचा मालक भरतो. ८४२ रुपये वाचवायला गेलेल्याचं घर विकायला निघू शकतं.

तारीख चुकवणाऱ्या चारचाकीवाल्याचं प्रायश्चित्त निराळं. पूर्वी एजंट घरी यायचा. चहा व्हायचा. मग बॉनेट उघडून, चेसिसच्या नंबरावर पांढरा कागद धरून तो पेन्सिल आडवी घासायचा आणि शाळेत नाण्याचा छाप काढावा तसा नंबर हळूहळू कागदावर उमटायचा. पोरं भोवती जमायची. आता मोबाइलवर लिंक येते आणि मालकानं गाडीभोवती फिरत स्वतःच चित्रण करायचं. सोसायटीतले एकजण असेच बंपरपाशी वाकून, डिकीपाशी मागे सरकत प्रदक्षिणा घालत होते. वॉचमननं विचारलं, "साहेब, रील बनवताय का?" विमा संपून नव्वद दिवस उलटले तर जमवलेला बोनसही बुडतो, तेव्हा प्रदक्षिणा त्याआधी घातलेली बरी.

राहता राहिली ती जोडकामं, म्हणजे 'अ‍ॅड ऑन'. काकांच्या बाराशे रुपयांचा दुसरा चोर शेवटी सापडला तो इथे. नूतनीकरणाच्या पानावर पाच चौकोनांत आधीच बरोबरच्या खुणा होत्या: चावी हरवली तर, टायर फुटला तर, रस्त्यात बंद पडली तर, ऑइल-नटबोल्टचा खर्च, आणि इंजिन. काकूंनी एकेक खूण वाचली.

"गेल्या नऊ वर्षांत चावी किती वेळा हरवली?"

"एकदाच. तुझ्या पर्समध्ये सापडली."

खूण निघाली. टायरची निघाली. इंजिनपाशी मात्र काकू थांबल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं पुण्यात उभ्या गाड्या उचलून नेल्या होत्या, ते दोघांनाही आठवत होतं. पुरात गाडी बुडाली तर नुकसान साध्या पॉलिसीत बसतं. पण इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली आणि इंजिन बसलं, तर तो मालकाचा उद्योग समजतात आणि इंजिनासाठी वेगळं जोडकाम नसेल तर पैसे मिळत नाहीत. काकांचा स्वभाव बघता ते किल्ली फिरवून बघणारच. इंजिनाची खूण राहिली.

मग काकूंनी अशी ओळ शोधली की जिच्यामुळे काका अर्धा तास गप्प बसले. मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा. तो माणसाला एकदाच पुरतो. गाड्या कितीही असोत. २०१९ पासून तो वेगळाही काढता येतो. काका वर्षानुवर्षं तिन्ही पॉलिसींत तो भरत आले होते. काका एका वेळी एकच गाडी चालवतात, दोन गाड्या चालवताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

फोनवरच्या मुलीनं दिलेला आकडा एजंटला ऐकवला, एजंटचा आकडा दुसऱ्या एका कंपनीला ऐकवला. यावेळी घासाघीस योग्य ओळीवर झाली, म्हणून फळली. मागच्या वर्षीपेक्षा तीनशे रुपये कमी. १७ जूनच्या रात्री अकरा चाळीसला काकांनी पैसे भरले. मोबाइलमधला कागद पोलिसांना चालतो हे त्यांना माहीत आहे. तरीही दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून दोन प्रिंट काढून आणल्या, एक डॅशबोर्डच्या कप्प्यात, एक निळ्या फाइलमध्ये. परत येईपर्यंत फोन वाजला. विमा काल संपला, नवा घ्यायचा का, असं मुलगी विचारत होती.

पुढच्या वर्षीच्या तारखेची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवली आहे. काकूंच्या.